गुणांची यादी लावण्याआधी खोलीची हवा आणि प्रश्नपत्रिका तपासा

मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), सर्व जिल्हा परिषदा,
मा. प्राचार्य, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था,
आणि सर्व केंद्रप्रमुख यांस,

सस्नेह नमस्कार.

शालेय वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी झाली, गुण भरून झाले, की अनेक तालुक्यांत व्हॉट्सॲपवर शाळांची उतरती यादी फिरू लागते. खालच्या शाळांच्या मुख्याध्यापकांकडे खुलासा मागितला जातो. नंतरच्या संकलित १ चाचणीला तेच, संकलित २ ला पुन्हा तेच. यादीतला आकडा शिक्षकाच्या शिकवण्याचा आहे असे धरून हे सगळे चालते. तो तसा थोडाफार असतोही. पण ज्या खोलीत पेपर लिहिला गेला त्या खोलीचा, आणि ज्या प्रश्नपत्रिकेवर तो लिहिला गेला तिचाही त्यात मोठा वाटा असतो. त्यातही खोलीचा वाटा विशेष फसवा. एखाद्या मुलाने घाईत चुकीच्या पर्यायाला गोल केला, दुसऱ्याचा अंदाज बरोबर लागला, अशा चुका तीस मुलांच्या सरासरीत बऱ्याच अंशी एकमेकींना खाऊन टाकतात. कोंदट हवा, फळ्यावरची चमक किंवा पत्र्याखालचा उकाडा सगळ्या वर्गावर एकदमच पडतो. तो सरासरीत विरत नाही, तिच्यातच जाऊन बसतो, आणि यादीत ‘अध्यापनातील त्रुटी’ म्हणून वाचला जातो.

दोन्ही गोष्टी तालुक्याच्या पातळीवर, थोड्या खर्चात मोजता येतात. म्हणून हे पत्र.

आधी हवा. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच वर्ग धरा. म्हणजे १४४ घनमीटर हवा, आणि त्यात ४० मुले. बसून लिहिणारे प्राथमिक शाळेतले मूल तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते, मोठा माणूस १८ ते २०. सगळे मिळून तासाला सुमारे ५०० लिटर. दारे-खिडक्या पूर्ण बंद असतील तर खोलीतले प्रमाण २० मिनिटांत साडेअकराशे पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) वाढते. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या आसपास असते. म्हणजे पहिली तासिका अर्धी होते न होते तोच खोली १,५०० च्या वर गेलेली असते.

या पातळीला हा वायू विषारी नसतो, आणि ‘ऑक्सिजन संपतो’ हेही खरे नाही. तो फक्त हिशेबनीस आहे. दुसऱ्यांनी सोडलेली हवा आपण किती घेतो आहोत ते तो सांगतो. उच्छ्वासात त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम असते. खोलीत २,४२० दिसले तर बाहेरचे ४२० वजा करून उरलेले २,००० हे ४०,००० चा विसावा भाग. दर विसावा श्वास शेजाऱ्याच्या फुफ्फुसातून आलेला. गोवर, कांजिण्या, फ्लू, क्षयरोग यांच्या दृष्टीने याचा अर्थ वेगळा सांगायला नको. म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफरने हजारात एक भाग, म्हणजे १,००० पीपीएम, ही मर्यादा १८५८ मध्येच सुचवली होती. आजही ढोबळ खूण म्हणून ती चांगली आहे. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळाली तर आपल्या खोलीत साडेसातशेच्या आसपास आकडा राहतो, ५ लिटर मिळाली तर ११०० च्या आसपास, आणि अडीच लिटरवर साडेसतराशे.

मोजण्याचे यंत्र प्रत्येक शाळेला नको. शाळांच्या एका केंद्राला एक पुरे, ते फिरवता येते. घेताना ‘एनडीआयआर’ जातीचा, म्हणजे अवरक्त किरणांनी हा वायू मोजणारा, सेन्सर आहे का ते पाहा. अगदी स्वस्त यंत्रांपैकी बरीचशी कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, इतर वायूंवरून अंदाज बांधून आकडा दाखवतात. ओळखायची खूण सोपी आहे. हाताला सॅनिटायझर लावून यंत्राजवळ धरा, आकडा एकदम उसळला तर यंत्र परत करा. चांगले यंत्र मैदानात ठेवले की १०-१५ मिनिटांत ४००-४५० वर येते. आणखी एक खोड लक्षात ठेवावी लागते. यांतली अनेक यंत्रे गेल्या काही दिवसांतले सर्वांत कमी वाचन म्हणजेच बाहेरची हवा असे धरून स्वतःला जुळवून घेतात. कायम बंद खोलीत ठेवलेले यंत्र मग सगळे आकडे कमी दाखवू लागते. आठवड्यातून एकदा अर्धा तास ते व्हरांड्यात ठेवा.

यंत्राची जागा मुलांच्या नाकाच्या उंचीवर. भारतीय बैठकीचा वर्ग असेल तर जमिनीपासून दोन फुटांवर, बाकांचा असेल तर साडेतीन फुटांवर. खोलीच्या मध्याजवळ, खिडकी, दार आणि कोणाचेही तोंड किमान एक मीटर लांब. शिक्षकाच्या टेबलावर ठेवले तर ते शिक्षकाचा श्वास मोजते, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले तर बाहेरचा वारा.

खोलीची हवा तासाला किती वेळा बदलते हे काढायला मधली सुट्टी उत्तम. मुले बाहेर पडताच वाचन टिपा. दार, खिडक्या, पंखा तासिकेत होते तसेच राहू द्या. मुले जाताना दार सताड उघडे टाकतात, तेवढे पूर्ववत करा. समजा वाचन १,४२० होते. बाहेरचे ४२० वजा केले की १,००० ही जादा. ही जादा निम्मी व्हायला, म्हणजे वाचन ९२० वर यायला, किती मिनिटे लागली ते पाहा आणि ४२ ला त्या मिनिटांनी भागा. १४ मिनिटे लागली तर हवा तासाला तीन वेळा बदलते. तीन वेळा हे ऐकायला बरे वाटते, पण ४० मुले आणि एक शिक्षक यांच्यात वाटले तर माणशी सेकंदाला जेमतेम तीन लिटर. दहा लिटरसाठी तासाला दहा वेळा बदलायला हवी. समोरासमोरच्या भिंतींतल्या खिडक्या खरोखर उघड्या असल्या तर साध्या झुळकेवरही ते जमते. एका बाजूच्याच खिडक्या उघडून मात्र ते सहसा जमत नाही.

आणि खिडक्या ‘खरोखर’ उघड्या नसतात, हाच घोळ आहे. समोरच्या भिंतीच्या खिडकीपुढे शालेय पोषण आहाराच्या तांदळाची पोती किंवा लोखंडी कपाट असते. वरचे झरोके रंगकामात चिकटून बसलेले असतात, नाहीतर पुठ्ठा लावून कायमचे बंद केलेले. गरम हवा वर चढते, तिची वाट तीच असते. ती बुजवली की पंखा तीच हवा गोल फिरवत राहतो. पंख्याने गार वाटते, हवा बदलत नाही. सर्वांत वाईट आकडे अपेक्षित धरा ते लोकवर्गणीतून सजवलेल्या डिजिटल वर्गात, कारण पडद्यावरचे दिसावे म्हणून खिडक्यांना जाड पडदे असतात आणि मुले दोन वर्गांची एकत्र बसवलेली असतात. कोणी देणगीत एसी दिला असेल तर स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, हेही माहीत असू द्या.

उपाय याच क्रमाने करा: कपाट हलवा, झरोका सुटा करा, खिडकीचे आकडे बसवा म्हणजे वाऱ्याने आपटणारी पाने मुलांना बंद करावी लागणार नाहीत, आणि प्रत्येक सुट्टीत दहा मिनिटे सगळे उघडे ठेवा. स्वयंपाकाची शेड चुलीवर चालत असेल तर त्या बाजूची खिडकी शिजवण्याच्या वेळेपुरती बंद आणि दुसरी बाजू उघडी. कार्बन डायऑक्साइडचे यंत्र धूर मोजत नाही. वीटभट्टी किंवा हमरस्त्याशेजारच्या शाळेत त्याचा कमी आकडा म्हणजे स्वच्छ हवा असा अर्थ होत नाही. मोजणी पावसाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा कराच, कारण खिडक्या तेव्हाच मिटतात. पायाभूत चाचणी भर पावसाळ्यात येते, हे इथे ध्यानात घ्या.

उकाड्याबद्दल थोडे सावधपणे लिहावे लागेल. डेन्मार्कमध्ये वर्गांवर झालेल्या प्रयोगांत हवा वाढवली आणि खोली थंड केली तेव्हा दहा-बारा वर्षांच्या मुलांचा काम उरकण्याचा वेग वाढला, चुकांत फारसा फरक पडला नाही. पण त्यांची ‘गरम’ खोली २५ अंशांची होती. नागपूर-चंद्रपूरच्या एप्रिलला ते आकडे लावू नयेत. भारतात ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या माहितीवर झालेल्या एका अभ्यासात, वर्षात २९ अंशांवर सरासरी तापमान असलेले दहा दिवस वाढले तर गणिताचे गुण ०.०३ प्रमाण विचलनाने (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) घसरतात असे दिसले. मात्र त्याचे मुख्य कारण संशोधकांना वर्गखोलीत नव्हे, शेतीच्या उत्पन्नात सापडले: उष्णतेने पीक बुडते, घरातले खाणे आणि शाळा दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. उष्णता आणि गुण एकत्र हलताना दिसले म्हणून पंखा लावला की गुण वाढतील, असा निष्कर्ष काढणारा अहवाल कोणी समोर ठेवला तर हा अभ्यास आठवावा. पंखा लावाच, पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्याच. ते मुलांना सुसह्य व्हावे म्हणून. चाचणीच्या दिवशी सुरुवातीचे आणि शेवटचे तापमान उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर लिहून ठेवा, एवढेच मागणे.

आता फळा. मागच्या भिंतीपासून फळा आठ मीटर असेल तर निकोप डोळ्याला तिथून साधारण १२ मिलिमीटर उंचीचे अक्षर कसेबसे ओळखता येते. सहज वाचायला त्याच्या चौपट लागते, म्हणजे पाच सेंटीमीटर. देवनागरीत घ-ध, भ-म, ब-व यांतला फरक एका छोट्या रेषेचा आणि अनुस्वार तर ठिपक्याचा, म्हणून पाचाच्या खाली जाऊ नये. दोन्ही कोपऱ्यांतल्या शेवटच्या जागांवर मुलांच्या उंचीला बसून फळा वाचून पाहा. चमक दिसते ती तिथूनच, शिक्षकाला उभ्याने दिसत नाही. वहीवर सुमारे ३०० लक्स प्रकाश हवा. मोबाइलचे ॲप नेमका आकडा सांगत नाही, पण कुठला कोपरा किती अंधारा ही तुलना चांगली दाखवते. बहुतेक शाळांत फळ्याचा सर्वांत उजेडाचा कोपरा सुविचाराकडे आणि पटसंख्येकडे गेलेला असतो. तो गणिताला द्या. नजरेची प्राथमिक तपासणी शिक्षकालाही करता येते. सहा मीटरवर तक्ता, एकेक डोळा तळहाताने न दाबता झाकून. ६/९ ची ओळ वाचता न येणारे मूल राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची वाट न पाहता पुढे पाठवा, कारण पथक शाळेत वर्षातून एकदाच येते.

हात धुण्याबद्दल एकच हिशेब. मुले १२०, नळ चार, प्रत्येकी अर्धे मिनिट: १५ मिनिटे. जेवणाच्या सुट्टीतली एवढी वेळ रांगेत घालवायला कोणी तयार नसते, म्हणून साबण असूनही हात धुतले जात नाहीत. पाइपला ओळीने भोके पाडून किंवा तोट्या बसवून बारा जागा केल्या की तेच काम पाच मिनिटांत होते. पोस्टरांवर होणारा खर्च पाइपवर करा. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकताना १,००० लिटरला ताजी ३३ टक्के क्लोरीनची पावडर सहा ग्रॅम पुरते. बादलीत कालवून निवळ तेवढी ओतायची आणि अर्धा तास थांबायचे. उघड्या गोणीतली पावडर महिन्या-दोन महिन्यांत ताकद गमावते, त्यामुळे पाण्यात उरलेले क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टला नळाच्या टोकाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम दिसते का हाच खरा पुरावा.

खोलीचे एवढे पुरे. आता प्रश्नपत्रिका, जिच्याकडे खोलीपेक्षाही कमी लक्ष जाते.

प्रश्न चांगला की वाईट हे छापून आल्यावर तज्ज्ञांच्या मतावरून नव्हे, मुलांच्या उत्तरांवरून ठरते. केंद्रातल्या १०० उत्तरपत्रिका एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने लावा. वरच्या २७ आणि खालच्या २७ वेगळ्या काढा, मधल्या बाजूला ठेवा. समजा एक प्रश्न वरच्या गटात २२ मुलांना आला, खालच्या गटात ९ मुलांना. २२ अधिक ९ भागिले ५४, म्हणजे ०.५७ हे त्याचे काठिण्य मूल्य (जितके जास्त, तितका प्रश्न सोपा). २२ वजा ९ भागिले २७, म्हणजे ०.४८ ही त्याची भेदनक्षमता, येणारी आणि न येणारी मुले वेगळी काढण्याची ताकद. भेदनक्षमता ०.२ च्या खाली असेल तर प्रश्न पुन्हा पाहावा लागतो. ऋण आली, म्हणजे हुशार मुले चुकली आणि कच्ची बरोबर ठरली, तर सर्वांत आधी उत्तरसूची तपासा, बऱ्याचदा चूक तिथेच निघते. मग प्रश्नाचे दोन अर्थ निघतात का ते पाहा. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चार शिक्षकांच्या गटाला एका पेपरचे हे काम दुपारभरात होते. फक्त तीस मुले असतील तर वरची दहा आणि खालची दहा घ्या, पण आकडा डळमळीत आहे हे लक्षात ठेवून.

पर्यायांचेही असेच. तिसरी-चौथीच्या ४०३ वजा १७८ या वजाबाकीला २२५, २२६, २२४, २३५ असे पर्याय दिले तर चुकलेल्या मुलाबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी २२५, ३७५, ३२५, ५८१ द्या. ३७५ निवडणारे मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करते: आठातून तीन, सातातून शून्य. ३२५ निवडणाऱ्याला हातचा घेता येतो, शून्याचे नऊही करता येतात, पण शतकाच्या घरातला एक कमी करायचा राहतो. ५८१ वाल्याने बेरीज केली, चिन्हच पाहिले नाही. वर्गात १२ मुलांनी ३७५ निवडले असेल तर शिक्षकाला सोमवारी काय घ्यायचे ते कळले. ‘गणित ४२ टक्के’ या ओळीतून ते कधीच कळणार नाही. नुसता अंदाज लावला तरी चारांत एक बरोबर येतो, म्हणून बहुपर्यायी प्रश्नात २५ टक्के मुलांचे बरोबर येणे म्हणजे शून्य समज, हेही यादी वाचताना विसरू नये.

शाब्दिक उदाहरणे हा दुसरा खड्डा. घरी पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलापुढे तीन ओळींचे प्रमाण मराठीतले उदाहरण ठेवले की गणिताचा पेपर वाचनाचा होतो. शंका असेल तिथे पडताळा घ्या. तेच उदाहरण निम्म्या मुलांना छापील, निम्म्यांना शिक्षकाने दोनदा मोठ्याने वाचून. चिठ्ठ्या टाकून गट पाडा. वाचून दाखवलेल्या गटात बरोबर उत्तरे ठळकपणे जास्त आली, तर कमतरता वजाबाकीत नव्हती.

आता यादीचा हिशेब. ४० गुणांचा पेपर, गुणांचे प्रमाण विचलन ६ आणि विश्वसनीयता, म्हणजे पेपर पुन्हा घेतला तर गुण किती तसेच राहतील याचे शून्य ते एक असे माप, ०.८ धरू. विश्वसनीयता काढायची तर सम आणि विषम क्रमांकाच्या प्रश्नांचे गुण वेगळे मांडा, त्यांचा सहसंबंध (दोन्ही गुण किती एकत्र कमी-जास्त होतात ते) काढा, त्याची दुप्पट करून ‘एक अधिक सहसंबंध’ याने भागा: ०.६७ आला तर उत्तर ०.८. तेवढ्या चांगल्या पेपरातही एका मुलाच्या गुणातली प्रमाणित त्रुटी २.७ निघते. २४ गुणांचे मूल पुन्हा बसले तर २१ ते २७ मध्ये कुठेही सापडू शकते. शाळेच्या सरासरीचे काय? वर्गात आठ मुले असतील, आणि आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांत तेवढीच असतात, तर नुसत्या योगायोगाने सरासरी दोन गुणांनी इकडेतिकडे होते. दोन वर्षांच्या सरासरींतला फरक तीन गुणांनी. म्हणजे २२ वरून २४ वर गेलेल्या शाळेचा सत्कार आणि २४ वरून २२ वर आलेल्या शाळेला नोटीस, या दोन्ही गोष्टी नाणेफेकीवर चालल्या आहेत.

खालच्या दहा शाळा निवडून कृती कार्यक्रम राबवला आणि पुढच्या चाचणीत त्या वर आल्या, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अहवालात असते. दोन चाचण्यांच्या शाळानिहाय सरासरींत ०.७ सहसंबंध असेल तर तालुक्याच्या सरासरीखाली १० गुणांवर असलेला गट पुढच्या वेळी काहीही न करता ७ गुणांवर येतो. ते तीन गुण कोणाच्याच श्रमाचे नसतात, पहिल्या वेळी नशीब वाईट होते एवढेच. त्याच न्यायाने वरच्या दहा शाळा खाली येतात, आणि त्यांना खुलासा द्यावा लागतो. शिवाय पायाभूत आणि संकलित यांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या, मागच्या आणि चालू इयत्तेचा आशय वेगळा. त्यांचे टक्के शेजारी मांडून प्रगती काढता येत नाही. काढायची असेल तर दोन्ही पेपरांत सात-आठ प्रश्न सामाईक ठेवा, साधारण त्याच क्रमांकावर, बाहेर न फुटलेले, आणि तुलना तेवढ्यांचीच करा.

कोण बसले हेही पाहावे लागते. दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले निघून जातात, काही हंगामी वसतिगृहांत राहतात, काही कारखान्याच्या तळावर. पायाभूतला बसलेली ३१ मुले आणि संकलितला बसलेली २३ मुले हा एकच वर्ग नव्हे. सरासरीशेजारी पट, हजर आणि दोन्ही चाचण्यांना बसलेली मुले असे तीन आकडे नसतील तर ती सरासरी वाचू नये. पेपर ज्याचे त्याने तपासण्याऐवजी केंद्रात अदलाबदल करा, नावांऐवजी क्रमांक घाला.

शेवटी कृतिसंशोधन. सेवांतर्गत प्रशिक्षणाचा भाग म्हणून लिहिल्या जाणाऱ्या अहवालांचा साचा ठरलेला आहे: पूर्वचाचणी, सहा आठवडे उपक्रम, तीच चाचणी पुन्हा, गुण वाढले. सहा आठवड्यांत मुले मोठीही होतात, तेच प्रश्न दुसऱ्यांदाही पाहतात. तुलनेला दुसरा गट नसला तर वाढ कशाची ते सांगता येत नाही. उत्तम नमुना घरातच आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाची (मागे पडलेल्या मुलांना वेगळे शिकवणारी स्थानिक तरुणी म्हणजे बालसखी) पारख झाली तेव्हा काही शाळांत एका इयत्तेला बालसखी दिली, बाकीच्यांत शेजारच्या इयत्तेला. कोणतीही शाळा वंचित राहिली नाही आणि प्रत्येक इयत्तेला तुलनेचा गट मिळाला. दुसऱ्या वर्षी सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाने वर गेली, ती मुख्यतः मागे पडलेल्या मुलांमुळे. केंद्रातल्या बारा शाळांत चिठ्ठ्या टाकून हे कोणालाही करता येईल.

करताना एक गणित डोळ्यांपुढे असू द्या. एका वर्गातली मुले एकसारखी असतात: तोच शिक्षक, तीच हवा. वर्गांतर्गत साम्य ०.२ धरले तर तीस मुलांचे दहा वर्ग, म्हणजे ३०० मुले, ही प्रत्यक्षात ४४ स्वतंत्र मुलांइतकीच माहिती देतात. म्हणून एका वर्गात साठ मुले घेण्यापेक्षा आठ वर्गांत दहा-दहा घ्या. हवेचा प्रयोग करायचा तर खिडक्या उघड्या आणि नेहमीप्रमाणे, अशा आठवड्यांची पाळी नाणे उडवून ठरवा, आकडा खरोखर बदलला का ते यंत्राने पाहा, आणि समान काठिण्याचे बेरीज-वजाबाकीचे चार वेगळे संच वापरा. निकाल काही लागला नाही तरी तो लिहा. केनियातल्या बुसिया भागात ७५ शाळांत जंतनाशक गोळ्या दिल्या तेव्हा गैरहजेरी सुमारे चतुर्थांशाने घटली, चाचणीतले गुण मात्र हलले नाहीत. दोन्ही गोष्टी छापल्या गेल्या. जंत नको म्हणून गोळी द्यायची असते. तिने गुणही वाढवले पाहिजेत असा हट्ट नसावा, आणि खिडकीकडूनही नसावा.

आमच्या मागण्या येत्या सत्रापुरत्या आहेत. केंद्राला एक यंत्र द्या. चाचणीच्या गठ्ठ्यासोबत अर्ध्या पानाची खोलीची नोंद असू द्या: हजर मुले, उघड्या खिडक्या, मध्यावरचे कार्बन डायऑक्साइड, तापमान, वीज होती की नव्हती. प्रत्येक चाचणीनंतरच्या शिक्षण परिषदेत किमान एका विषयाचे प्रश्नविश्लेषण व्हावे आणि फसलेले प्रश्न क्रमांकासह राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला कळवावेत. वीसपेक्षा कमी मुलांच्या वर्गाची सरासरी कोणत्याही क्रमवारीत घालू नये. तीन वर्षांची एकत्र करून वाचावी. आणि यंत्राचा वाईट आकडा आला म्हणून मुख्याध्यापकाकडे खुलासा मागू नये. तसे एकदा झाले की पुढच्या वेळी यंत्र खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसेल.

कळावे,

चाचणी-रचना आणि शालेय आरोग्य या क्षेत्रांत काम करणारे आम्ही काहीजण